रुंद टायर टाकले, तरी गाडी रस्ता धरत नाही: आधी काय तपासायचं

तक्रार दर वर्षी त्याच चालीवर येते. हॅचबॅक किंवा छोटी सेदान, टायर गोटे झाले म्हणून बदलायचे होते. दुकानात कुणीतरी सांगितलं, "पहोळां टायर नाखी दो, गाडी चोंटीने चालशे" (रुंद टायर टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल), आणि १८५ मिलीमीटर रुंदीच्या जागी २०५ चे बसले. दिसायला गाडी रुबाबदार झाली. मग हळूहळू कुरकुर सुरू होते. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर गाडी डुलते, भरूचच्या बाजूला ट्रकांच्या चाकोऱ्यांत चाक गेलं की स्टीयरिंग हातातून ओढलं जातं, पावसात तरंगल्यासारखं वाटतं, वर मायलेजही पडलं. अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले, की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच.

आपल्या बडोद्याला तर टायरचं माहेरच म्हणायला हवं. वाघोडियाच्या बाजूला लिमड्याला अपोलोचा कारखाना, हालोलला सिएटचा. तरी टायरच्या भिंतीवर छापलेले आकडे वाचून टायर घेणारे मोजकेच भेटतात. आणि या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या आकड्यांतच असतं. रुंदी एकटी येत नाही. ती रिम, हवा आणि टायरची उंची यांना सोबत घेऊन येते. बाकीचं जुनंच ठेवून फक्त रुंदी वाढवली, की जो फायदा घ्यायला गेलो तोच हातचा जातो.

रुंदीने नक्की काय बदलतं

टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावर पडणारं वजन आणि आतली हवा. पुढच्या एका चाकावर समजा ३६० किलो भार आहे आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार करा, १५५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं. टायरच्या सांगाड्याचा ताठरपणा आणि नक्षीतल्या खाचा यांमुळे थोडं इकडे-तिकडे होईल, पण हिशोब हाच. आता त्याच वजनाला, त्याच हवेत २० मिलीमीटर रुंद टायर लावला तर क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. टेकलेल्या भागाचा आकार बदलतो: आडवा रुंद होतो आणि लांबीला आखूड.

मग रेसच्या गाड्यांना एवढे रुंद टायर कशाला? कारण आकार बदलण्यालाही किंमत आहे. वळणावर टायर जिकडे तोंड करून असतो तिकडे अगदी तंतोतंत जात नाही. रबर थोडं पिळतं आणि चाक किंचित तिरकं सरकत पुढे जातं. या तिरकेपणाला स्लिप अँगल म्हणतात. रुंद आणि आखूड टेकण असलं तर कमी स्लिप अँगलमध्ये तेवढंच आडवं बळ मिळतं, म्हणून स्टीयरिंगला गाडी चटकन उत्तर देते. शिवाय रबराचं घर्षण शाळेत शिकलेल्या नियमाने चालत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवून दाब जास्त जागेवर पसरवला, की कोरड्या रस्त्यावर पकड खरोखर वाढते, आणि रबर तापून लवकर थकतही नाही. फॉर्म्युला वनने २०१७ मध्ये पुढचे टायर २४५ वरून ३०५ मिलीमीटर आणि मागचे ३२५ वरून ४०५ केले, ते वळणांवरचा वेग वाढवण्यासाठी. दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यूची आय३ ही विजेवरची गाडी १५५/७० आर १९ एवढ्या अरुंद टायरवर आली. तिथे हवेचा आणि रस्त्याचा अडथळा कमी करायचा होता. उंचीला मोठं चाक आणि रुंदीला बारीक, तरी गाडी व्यवस्थित वळते. रुंदी हा सगळ्या गणितातला एकच आकडा आहे.

पहिली तपासणी: जुना आणि नवा आकडा शेजारी लिहा

१८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलीमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. भिंत १२० मिलीमीटर, पूर्ण चाकाचा व्यास ६२१ च्या जरा वर. दुकानदाराने "फक्त रुंदी वाढवली" म्हणत २०५/६५ आर १५ बसवला असेल, तर रुंदीबरोबर भिंतही १३३ मिलीमीटर झाली आणि व्यास ६४७ वर गेला. म्हणजे ४ टक्क्यांहून थोडा जास्त. मधला ६५ तसाच ठेवला की उंची आपोआप वाढते, हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

या ४ टक्क्यांनी बरंच काही बिघडतं. गाडी १३ मिलीमीटर वर उचलली जाते. भिंत उंच झाल्यामुळे वळणावर टायर जास्त वाकतो, म्हणजे रुंदीने जे कमावलं ते उंचीने घालवलं. गिअर लांब पडल्यासारखे वाटतात. मीटर १०० दाखवतो तेव्हाचा खरा वेग पूर्वीपेक्षा ४ टक्के जास्त असतो. आणि मायलेजची जी ओरड असते, तिचा थोडा भाग निव्वळ हिशोबाचा आहे. चाक मोठं झालं, एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण ओडोमीटर जुन्याच चाकाच्या हिशोबाने किलोमीटर मोजतो. त्यामुळे खरं अंतर १०४ असताना तुम्ही १०० धरून मायलेज काढता. उरलेली घट मात्र खरी, कारण जड आणि रुंद टायर फिरवायला इंधन लागतंच.

व्यास मूळ चाकाच्या एक-दीड टक्क्याच्या आत राहील असाच आकार निवडावा. १८५/६५ आर १५ ला १९५/६० आर १५ हा जवळचा भाऊ आहे, व्यास ६१५, म्हणजे एक टक्का कमी. रिमही बदलणार असाल तर १९५/५५ आर १६ चा व्यास जवळपास तंतोतंत जुळतो, ६२१. आता त्यात एक मेख आहे. १८५/६५ आर १५ वर बहुधा ८८ हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ वर अनेकदा ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. टायर रुंद झाला म्हणून वजन जास्त पेलेल असं नाही. दिवाळीत पाच माणसं आणि डिकीभर फराळाचे डबे घेऊन पुण्याला निघणाऱ्यांनी हा आकडा आवर्जून पाहावा. शिवाय भिंत १०७ मिलीमीटरची झाली, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या आपल्या खड्ड्यांत टायरला फोड येण्याची शक्यता वाढली.

रिम तीच ठेवली असेल तर

इथेच सगळ्यात जास्त गाड्या अडकतात. प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालते याची मर्यादा ठरलेली असते. २०५/६५ आर १५ ला साडेपाच इंचापासून पुढे चालते, पण त्याची २०५ ही रुंदी सहा इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच कमी झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिलीमीटरने आक्रसते. तुमची रिम साडेपाचची असेल तर पैसे २०५ चे दिले आणि हाती आले २०० च. तेही अशा अवस्थेत, की अरुंद खाटेवर टाकलेल्या मोठ्या गादीसारख्या भिंती दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतात. स्टीयरिंग फिरवलं की आधी भिंत कलते, मग टायर वळतो, मग गाडी. हाच तो डुलण्याचा भास. अलाइनमेंटवाल्याने कितीही वेळा कोन जुळवले तरी हा भास जायचा नाही, कारण दोष कोनात नाहीच.

रिमची रुंदी रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, ५.५जे, ६जे अशी. लोखंडी रिमवर गंज चढलेला असेल तर वायर ब्रशने घासा, दिसते.

हवा, आणि खडूची परीक्षा

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायला सांगितलेलं नसतं. तरी पंपावर तो वाचून भरणारे आहेतच. हवा गार टायरमध्ये मोजायची. मे महिन्यात हायवेवरून येऊन मोजली तर ३-४ पीएसआय सहज जास्त दिसेल, आणि ती "जास्तीची" काढून टाकली तर सकाळी टायर कमी हवेवर असेल.

मांजलपूरच्या एका काकांची सेदान अशीच सारखी अलाइनमेंटला जायची. टायर २०५/६५, रिम जुनीच. काकांचं म्हणणं, "अरे, रुंद टायर आहे, म्हणून हवाही दणकून भरतो, ३८." सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या पुढच्या टायरवर नक्षीच्या आडव्या अंगाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूचा जाड पट्टा ओढला. गाडी सरळ, सपाट रस्त्यावर थोडी पुढे नेऊन थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. मधल्या तीन रांगांवरचा खडू पुसून रबर काळं दिसत होतं. दोन्ही कडांच्या ठोकळ्यांवर पट्टा जसाच्या तसा, जणू त्या रस्त्याला लागल्याच नव्हत्या. म्हणजे २०५ चा टायर जेमतेम मधल्या पट्ट्यावर चालत होता, मूळच्या १८५ पेक्षाही कमी रुंदीवर. गार टायरमध्ये हवा ३३ वर आणून पुन्हा खडू ओढला तेव्हा पट्टा कडांकडे पुसत गेला, पण अगदी टोकाच्या ठोकळ्यांवर थोडा राहिलाच. तो राहिलेला खडू म्हणजे अरुंद रिम. तिला हवा कमी करून जिंकता येत नाही, कारण आणखी कमी केली तर भिंत जास्त वाकते आणि टायर तापतो. काकांनी शेवटी त्याच रिमवर १९५/६० घातले आणि कुरकुर थांबली.

खडू उलटा पुसला गेला, म्हणजे कडा साफ आणि मध्ये पांढरं, तर हवा कमी आहे. आणि नायट्रोजन भरल्याने यातलं काहीही सुधारत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चाकोरीत ओढणं आणि एका बाजूला ओढणं, दोन वेगळे आजार

रुंद टायर लावल्यावर ट्रकांच्या चाकोरीत गाडी थोडी भरकटणार, हे स्वाभाविक आहे. टायरची कड चाकोरीच्या उतारावर चढते आणि चाकाला ढकलते. गुळगुळीत रस्त्यावर आलात की हे थांबलं पाहिजे. थांबलं तर टायर किंवा अलाइनमेंटवर पैसे घालवू नका, चाकोरी सोडून लेन बदला.

गुळगुळीत रस्त्यावरही एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा, अर्थात भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये. कधीकधी नवा टायरही किंचित शंकूसारखा बनलेला असतो, आणि तो दुकानदाराने बदलून द्यायला हवा. ओढ तिथेच राहिली तर अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक, नाहीतर लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश.

अलाइनमेंटची शंका असेल तर मशीनच्या आधी हात वापरा. गाडी बंद, चाक थोडं वळवलेलं, आणि तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने ठोकळ्यांच्या कडा बोटांना करवतीसारख्या लागल्या, तर टो बिघडलेला आहे, म्हणजे चाकं समोर सरळ न पाहता किंचित आत किंवा बाहेर वळलेली आहेत. रुंद टायर आडवं बळ लवकर तयार करतो, म्हणून टोमधली जी छोटी चूक अरुंद टायरने पोटात घातली असती, ती हा लगेच बाहेर काढतो. टायर रुंद केल्यावर "अलाइनमेंट अचानक बिघडली" असं वाटतं, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ती आधीपासूनच बिघडलेली असते.

ऐंशीच्या पुढे थरथर

रुंदीला दोष देण्यापूर्वी बॅलन्सिंग करून घ्या, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून घ्या. करूनही थरथर राहिली आणि अलॉय बाहेरून घेतलेले असतील, तर मधलं भोक पाहा. ते हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागापेक्षा, मोठं असेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही. त्यासाठी हबची रिंग मिळते, स्वस्त असते.

आणखी एक कारण खास आपल्या गावचं. विश्वामित्री नदीचं पाणी शिरलेल्या गाड्या, जशा ऑगस्ट २०२४ च्या पुरात सापडल्या होत्या, धुऊन बाहेरून लख्ख दिसतात, पण रिमच्या आतल्या बाजूला गाळ वाळून दगडासारखा चिकटलेला असतो. त्याच्या वजनाने चाक डगडगतं. बॅलन्सिंगवाला तसंच वजन लावून देतो, मग कधीतरी गाळाचा तुकडा गळून पडतो आणि थरथर परत येते. चाक काढून आतून घासा. खाली बसून टॉर्च मारली तरी दिसतं.

घासण्याचा आवाज

पूर्ण स्टीयरिंग वळवल्यावर खरखर होत असेल किंवा मागे तीन माणसं बसली की मडगार्डच्या आत घासत असेल, तर रिमवरचा ईटी आकडा पाहा. रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलीमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते तो सांगतो. मूळ ४५ आणि नवा ३५ असेल तर चाक १० मिलीमीटर बाहेर आलं. वर रिमही एक इंच रुंद घेतली असेल तर बाहेरची कड जवळपास २३ मिलीमीटर बाहेर गेली. स्टीयरिंगला झटके बसतात, बेअरिंग लवकर आवाज करू लागतं. मडगार्डची कड ठोकून वाकवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, पण घासणं थांबलं तरी बेअरिंगवरचा भार तसाच राहतो. स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये चकती, लावून चाक आणखी बाहेर काढणाऱ्यांचं तर कौतुकच आहे.

पावसात तरंगणं

इथे रुंदी सरळसरळ तोट्याची. टायरला पुढचं पाणी बाजूला सारून रस्त्यापर्यंत पोचायचं असतं. रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं आणि टेकण आखूड असल्यामुळे वेळही कमी मिळतो. पाणी सारून झालं नाही तर टायर त्याच्यावर चढतो आणि स्टीयरिंग, ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात.

कोणत्या वेगाला हे होतं याचा एक जुना ठोकताळा आहे. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ मध्ये, विमानांच्या टायरवरच्या प्रयोगांतून मांडलेला. हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, १६.७ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. ३३ पीएसआयला ९६ च्या आसपास, २५ ला ८३. म्हणजे हवा ८ पीएसआयने कमी झाली तर तरंगण्याचा वेग १३ किलोमीटरने खाली आला. हा हिशोब गुळगुळीत टायर किंवा नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त पाणी धरून केलेला आहे. चांगली नक्षी आणि कमी पाणी असेल तर सवलत मिळते, रुंद आखूड टेकण असेल तर ती कमी होते. या सूत्रातून हवेचं महत्त्व जितकं कळतं तितकं दहा सल्ल्यांतून कळणार नाही.

कायद्याने नक्षी १.६ मिलीमीटरपर्यंत चालते. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत ती झिजली की टायर संपला. माझं मत विचाराल तर रुंद टायर ३ मिलीमीटरच्या खाली आला की पावसाळ्यापूर्वीच काढावा. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, साचलेल्या पाण्यात मात्र हा प्रश्न येत नाही. तिथे वेगच नसतो, तिथे इंजिनात पाणी जाण्याची चिंता करा.

पावसात घसरणाऱ्या गाडीचे टायर रुंद करण्याआधी त्यांचं वयही पाहा. भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. आपल्या उन्हात उभी राहणारी गाडी कमी चालली तरी रबर कडक होतं, आणि कडक २०५ पेक्षा ताजा, चांगल्या रबराचा १८५ ओल्या रस्त्यावर जास्त भरवशाचा.

दोनच टायर बदलायचे असतील

चारही एकाच आकाराचे ठेवा. फक्त पुढे रुंद लावले तर पुढची पकड वाढते, मागची तीच राहते, आणि ओल्या वळणावर गाडीचं शेपूट आधी सुटतं. पावागडच्या माचीच्या रस्त्याला उतरताना असं झालं तर सावरायला जागा नसते. नवे दोन असतील तर ते मागे आणि जुने, पण नीट नक्षीचे, पुढे. दुकानदार उलटं सांगेल, कारण पुढचे टायर लवकर झिजतात. तरी मागेच लावा.

स्टेपनी राहिली. चार टायर १९५/५५ आर १६ केले आणि डिकीत १८५/६५ आर १५ पडून असेल तर व्यास जुळतो, पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला चालेल, वेग ८० च्या आत ठेवून. २०५/६५ वाल्यांनी मात्र जुनी स्टेपनी पुढच्या चाकाला लावून लांब जाऊ नये. दोन्ही बाजूंच्या व्यासात २६ मिलीमीटरचा फरक पडतो, दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल सतत काम करत राहतं आणि एबीएसला (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) एक चाक कायम जोरात पळताना दिसतं. पंक्चर पुढचं असेल तर मागचं चाक काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे. एक जॅक जास्त लावावा लागेल एवढंच.